गाडी पहिल्यांदा डायनोवर नेताय? साताऱ्यातून निघायच्या आधी हे वाचा

साताऱ्यात बॉम्बे रेस्टॉरंट चौकात चहाला थांबलं की हल्ली कुणी ना कुणी भेटतोच, माझी डिझेल स्विफ्ट रिमॅप केली (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदललं), आता शंभर घोडे झाले म्हणून सांगणारा. मोजली का विचारलं तर म्हणतो मोजली नाही पण ओढ कळते ना. ओढ कळत असेल, त्याबद्दल वाद नाही, पण शंभर हा आकडा आला कुठून? तो मोजायचा तर डायनो, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं मशिन लागतं, आणि डायनोवर पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

माझी स्वतःची १.३ डिझेल स्विफ्ट आहे, दीड लाखाच्या पुढं चाललेली. तीनदा पुण्यात डायनोवर नेली. पहिल्या वेळी मला काही माहीत नव्हतं, टायरमध्ये हवा किती होती लिहिलं नाही, कुठलं करेक्शन, म्हणजे हवामानाप्रमाणे आकड्यात केलेला बदल, लावलं ते विचारलं नाही, एकच रन केला, म्हणजे गाडी एकदाच पूर्ण ताकदीनं पळवली, आणि कागद घेऊन आलो. तो कागद आज कशाशीच ताडून बघता येत नाही, पैसे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत एवढंच.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. डायनोचा एकटा आकडा फार काही सांगत नाही. त्याच गाडीचा, त्याच डायनोवरचा, सारख्याच हवेतला आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, यातला फरक सांगतो.

आकडा नक्की कशाचा?

एक पीएस म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याएवढी ताकद. सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं ५० किलोचं पोतं धरलं तर ते एका सेकंदात दीड मीटर उचलायचं, झाला एक पीएस. एचपी त्याहून किंचित मोठा, एक एचपी ७४६ वॉट आणि एक पीएस ७३५ वॉट, म्हणजे साधारण दीड टक्क्याचा फरक. विहिरीवरची पाच एचपीची मोटर आपण रोज बघतो, त्यामुळं घोडा म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला वेगळं शिकवायला लागत नाही.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. माझ्या स्विफ्टच्या ब्रोशरमध्ये ७५ पीएस लिहिलेत तो आकडा इंजिनचा, क्रँकशाफ्टवर मोजलेला. गाडी रोलरवर चढवून मोजतो तो चाकाचा. मधे गिअरबॉक्स आहे, डिफरन्शिअल आहे, बेअरिंग आहेत, टायर रोलरवर दबून गरम होतो, या सगळ्यात ताकद जाते. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना हे लगेच कळेल, ४५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला तरी पीटीओला, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या शाफ्टला, तेवढे मिळत नाहीत, म्हणून तर ट्रॅक्टर घेताना जाणता माणूस पीटीओ एचपी किती ते वेगळं विचारतो. कारमध्ये चाकापर्यंत येताना साधारण १० ते २० टक्के जातात. माझ्या गाडीला पहिल्यांदा चाकावर ६३ आले तेव्हा वाटलं इंजिन बसलं, पण ७५ मधून १६ टक्के गेले तर ६३ च राहतात, इंजिनला काही झालेलं नव्हतं.

डायनो कुठल्या प्रकारचा आहे ते फोनवरच विचारा

एक असतो इनर्शिया डायनो. त्यात नुसता जड रोलर असतो, त्याचं जडत्व किती ते मशिनला माहीत असतं, तुमची गाडी तो रोलर किती झपाट्यानं पळवते त्यावरून ताकद काढतात. जुन्या किर्लोस्कर ऑइल इंजिनचं फ्लायव्हील हँडल मारून फिरवलंय कधी? जोर जास्त असेल तर ते लवकर वेग घेतं, तेच तत्त्व.

दुसरा लोड देणारा, बहुतेक ठिकाणी एडी करंट ब्रेकचा. फिरणाऱ्या धातूच्या चकतीजवळ चुंबकीय क्षेत्र तयार केलं की चकतीत करंट फिरतो आणि तो फिरण्यालाच विरोध करतो, कुठं घासाघास नाही. हा ब्रेक किती जोरानं ओढला जातोय ते लोडसेल म्हणजे जोर मोजणारा सेन्सर मोजतो, साखर कारखान्यात उसाची ट्रॉली ज्या काट्यावर चढते त्याच्याखाली असतो ना, त्याच जातीचा. या डायनोवर गाडी २५०० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला २५०० फेरे) धरून ठेवून लोड देता येतो. ट्यूनिंग करायचं असेल तर हाच बघा, कारण नुसत्या इनर्शियावर फुल थ्रॉटलचा झपाट्याचा रन मिळतो, पण रोज आपण अर्ध्या पायानं गाडी चालवतो तिथलं काही तपासता येत नाही.

तिसरा हब डायनो, चाकं काढून थेट हबला जोडतात. टायरचा घसरा नाही, रीडिंग जास्त सारखं येतं, पण कमी ठिकाणी मिळतो.

फोनवर आणखी काय विचारायचं: किती रन करून देणार (तीनपेक्षा कमी नको), करेक्शन कुठलं, करेक्शनशिवायचा आकडा पण देणार का, आरपीएम कुठून घेतात, ग्राफ नुसता छापून देणार की फाइल पण. फोर व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर चारी चाकांचा डायनो आहे का हे आधी. दोन चाकांच्या डायनोवर ऑल व्हील ड्राइव्ह गाडी चढवायची नाही म्हणजे नाही, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या सेंटर डिफची किंवा कपलिंगची वाट लागते आणि गाडी रोलरवरून उडी पण मारू शकते. या प्रश्नांना समोरचा कंटाळत असेल तर दुसरीकडं फोन लावा.

आदल्या आठवड्यात गाडीचं काय करायचं

टायर. सगळ्यात आधी टायर. चौथ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या वरच्या हद्दीपर्यंत गेलं की रोलरवर स्पीड दीडशेच्या आसपास किंवा वर जातो, गाडी जागेवर असली तरी टायरला ते खरंच दीडशे असतात. रिमोल्ड केलेला टायर ड्राइव्हच्या चाकाला असेल तर जायचंच नाही, वरून चिकटवलेला रबराचा थर उचलला तर तो फेंडर फाडून बाहेर येतो आणि शेजारी उभ्या माणसाला लागतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा, फार जुना आणि बाजूला तडे गेलेला टायर पण नको. नक्षीत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरनं काढा, आपल्याकडं शेतातून बाहेर निघालेल्या गाडीत मूठभर निघतात आणि रोलरवर ते गोळीसारखे सुटतात.

ऑइल लेव्हल, कूलंट, पट्टे बघून घ्या. एअर फिल्टर चोंदला असेल तर आधीच बदला, नाहीतर रिमॅपच्या वेळी नवा फिल्टर बसेल आणि फिल्टरनं दिलेले दोन घोडे रिमॅपच्या खात्यावर जमा होतील. क्लच घसरतोय का ते पण बघा, घसरत असेल तर डायनोवर आरपीएम वर पळतो आणि रोलरचा स्पीड मागं राहतो, आकडा कमी येतो आणि उरलेला क्लच तिथंच जळतो. चेक इंजिन लाइट लागलेली असेल तर आधी ती सोडवा. नवीन इंजिन बांधलंय आणि अजून रनिंग-इन चालू आहे, तर थांबा.

डिझेल-पेट्रोल नेहमीच्या पंपावरचंच, टाकी साधारण अर्धी. सीएनजी किट असेल तर पेट्रोलवर वेगळे आणि सीएनजीवर वेगळे रन करून घ्या, सीएनजीवर आकडा कमीच येणार कारण गॅस स्वतःच सिलिंडरमधली जागा खातो आणि हवा कमी शिरते.

पोचल्यावर

साताऱ्याहून पुण्याचं अंतर शंभर किलोमीटरच्या वर, खंबाटकी ओलांडून आलेली गाडी तापलेली असते. पोचल्या पोचल्या रोलरवर चढवू नका. अर्धा-पाऊण तास बोनेट उघडून ठेवा, टायर पण निवू द्या, आणि मग टायरची हवा मोजून वहीत लिहा. माझी मी ३३ ठेवतो, तुम्ही ३२ ठेवा ३५ ठेवा, पण पुढच्या वेळी पण तेवढीच पाहिजे. हवा कमी असेल तर टायर रोलरवर जास्त दबतो आणि आकडा खाली येतो.

गाडी बांधताना शेजारी उभं राहून बघा. रॅचेटच्या पट्ट्या गाडीच्या टो हुकला किंवा चासीच्या मजबूत जागेला पाहिजेत, बंपरला किंवा सस्पेन्शनच्या नाजूक आर्मला नकोत. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी रोलरवर डावी-उजवी भटकते म्हणून पुढून दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या असतात, मागच्या चाकांना ठोकळे आणि हँडब्रेक. पट्टी सैल नको हे सगळ्यांना कळतं, पण फार आवळलेली पण नको, गाडी खाली खेचली जाते, टायर जास्त दबतो, आणि आधी-नंतरच्या फरकात पट्टीचा फरक मिसळतो. मागच्या वेळेएवढीच बांधा असं स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही.

रेडिएटरसमोर मोठा पंखा पाहिजे, टर्बो गाडी असेल तर त्याची हवा इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीवर पडतेय का ते बघा. घरगुती पेडेस्टल फॅन समोर ठेवून टर्बो गाडी पळवणाऱ्या जागी मी माझी गाडी देणार नाही. सायलेन्सरचा धूर बाहेर काढायला पाइप किंवा एक्झॉस्ट फॅन हवा, बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. फायर एक्स्टिंग्विशर कुठंय ते नजरेनं शोधून ठेवा. रन चालू असताना गाडीच्या पुढं, मागं आणि चाकांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढायचा तर लांबून.

एसी बंद, हेडलाइट बंद, ट्रॅक्शन कंट्रोल बंद. काही गाड्यांत बटण दाबून पण ते पूर्ण बंद होत नाही, पुढची चाकं शंभरानं फिरतायत आणि मागची उभी हे बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पॉवर कापते. ऑपरेटरला तुमच्या मॉडेलचा अनुभव आहे का ते म्हणून विचारायचं.

रन

गिअर कुठला? ज्याचं गुणोत्तर १:१ च्या सगळ्यात जवळ तो, पाच गिअरच्या गाडीत बहुतेक चौथा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये एका गिअरवर धरता आली पाहिजे, मधेच किकडाऊन झालं, म्हणजे आपोआप खालचा गिअर पडला की रन वाया.

सुरुवातीला एक-दोन हलके रन, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, टायर सगळं कामाच्या तापमानाला येऊ द्यायला. मग चौथ्यात १५०० आरपीएमला गाडी स्थिर धरायची, आणि पाय एकदम पूर्ण खाली, रेडलाइनपर्यंत तसाच. शेवटाला क्लच दाबून गाडी आपोआप मंद होऊ द्यायची. हा मंद होण्याचा भाग पण बरेच डायनो मोजतात, त्यावरून वाटेत किती ताकद गेली याचा अंदाज काढून इंजिनचा आकडा छापतात. तो आकडा हिशोबानं काढलेला असतो, मोजलेला चाकाचाच. दोन्ही आकडे कागदावर घ्या.

स्टिअरिंग सरळ, हात हलवायचा नाही. काही वेगळा आवाज आला, पट्टी सुटल्यासारखी वाटली तर ॲक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा, आणि रोलर ऑपरेटरला थांबवू द्या. घाबरून कचकन ब्रेक मारला तर जड रोलर फिरतच राहतो आणि गाडी पट्ट्यांवर हिसका खाते. खरं तर पहिल्या वेळी ऑपरेटरलाच गाडीत बसू द्या.

तीन रन, मधे सारखंच अंतर. माझ्या गाडीला ६३, ६४, ६३ आले. एक-दोन टक्क्यांत तिन्ही बसले तर मोजणी धरायची. टर्बो गाडीत प्रत्येक रनला आकडा खालीच जात असेल तर इंटरकूलर तापतोय, पंखा कमी पडतोय, थोडं थांबा.

आता करेक्शन, इथंच सगळ्यात जास्त फसवलं जातं

हवा पातळ झाली की इंजिनला ऑक्सिजन कमी मिळतो. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटर, इथं हवेचा दाब ९२५-९३० मिलिबारच्या आसपास, समुद्राकाठी १०१३. महाबळेश्वर १३५० मीटरच्या पुढं, तिथं ८६० च्या जवळपास. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के कमी होते. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना वॅगनआर जड वाटते त्यात चढाचा वाटा आहेच, पण हवेचा पण आहे. गरम हवा पण पातळच, दर १० अंशाला साधारण दोन टक्के ताकद जाते.

म्हणून वेगवेगळ्या गावातले, वेगवेगळ्या दिवसांतले आकडे एका पातळीवर आणायला करेक्शन लावतात. एसएई जे१३४९ या अमेरिकन मानकात २५ अंश तापमान आणि ९९० मिलिबार कोरडी हवा धरतात. जुनं एसटीडी करेक्शन आहे ते थंड आणि जास्त दाबाची हवा धरतं, त्यामुळं तोच रन त्यात साधारण चार टक्के जास्त दिसतो. एका दुकानातला एसटीडीचा कागद आणि दुसऱ्यातला एसएईचा कागद शेजारी ठेवून भांडणारी पोरं मी बघितलीयत, दोघांच्या गाड्या सारख्याच होत्या.

आणि टर्बो गाड्यांचं तर जास्तच बघायला लागतं. टर्बो स्वतः हवा दाबून भरतो, बाहेरचा दाब कमी झाला तर थोडा जास्त फिरून बरीचशी कसर भरून काढतो. पुण्यात ३२ अंश तापमानाला साध्या पेट्रोलचं एसएई करेक्शन काढलं तर ते नऊ टक्क्यांच्या आसपास येतं. पेट्रोल गाडीला ते चालेल, पण तेच माझ्या टर्बो डिझेलला लावलं तर ६३ चे ६९ होतात, इंजिनमध्ये काहीही न करता सहा घोडे छापून येतात! दुसऱ्या वेळी माझ्या कागदावर हेच झालं होतं, मी विचारल्यावर ऑपरेटरनं बदलून दिलं. म्हणून सांगतोय, करेक्शनशिवायचा आकडा, त्या वेळचं तापमान, दाब आणि करेक्शन फॅक्टर, हे चारही कागदावर पाहिजेत. टर्बो असेल तर मी करेक्शनशिवायचाच आकडा बघतो, आणि आधी-नंतरचे रन एकाच दिवशी करून घेतो.

ग्राफ कसा वाचायचा

दोन रेषा असतात, पॉवर आणि टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर, न्यूटन मीटरमध्ये). त्या एकमेकींना बांधलेल्या असतात: न्यूटन मीटरला आरपीएमनं गुणा, ७०२४ नं भागा, पीएस मिळतात. स्विफ्ट डिझेलचे कंपनीचे आकडे घ्या, १९० न्यूटन मीटर २००० आरपीएमला, म्हणजे तिथं ५४ पीएस. ७५ पीएस ४००० ला, म्हणजे तिथं टॉर्क उरला १३२. व्हॉट्सअपवर कुणी आकडे टाकले की हे गणित मोबाइलवर करून बघत जा, खोटे कागद अर्ध्या मिनिटात सापडतात. टॉर्क पाउंड-फूटमध्ये तर छापला नाही ना ते पण बघा, १९० न्यूटन मीटर म्हणजे १४० पाउंड-फूट.

आरपीएमबद्दल एक बारकी गोष्ट. पॉवर काढायला रोलरवरचा जोर आणि रोलरचा वेग पुरतो, इंजिनचा आरपीएम लागत नाही. टॉर्कला मात्र लागतो. पेट्रोलमध्ये स्पार्क प्लगच्या वायरला क्लॅम्प लावून आरपीएम घेता येतो, डिझेलला स्पार्कच नाही म्हणून ओबीडीमधून (गाडी तपासायच्या सॉकेटमधून) घेतात किंवा स्पीडवरून हिशोबानं काढतात. तो चुकला तर पॉवर बरोबर आणि टॉर्क भलताच, असं होतं.

सगळ्यात वरचा आकडा बघून ग्राफ घडी करून ठेवू नका. आपली गाडी आयुष्यभर १५०० ते ३००० मध्येच चालते, तिथं रेषा वर सरकली का ते बघा. कुठं खड्डा पडलाय का, टर्बो किती आरपीएमला जागा होतो, शेवटाला रेषा एकदम कोसळते का. रेषा फार गुळगुळीत असेल तर स्मूदिंग कमी करून दाखवा म्हणायचं, मिसफायर असेल तर तो तिथं करवतीसारखा दिसतो. पेट्रोल गाडीत सायलेन्सरमध्ये सेन्सर घालून हवा-पेट्रोलचं मिश्रण पण तपासून घ्या, पण आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं त्यामुळं एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हा जुना आकडा डोक्यात धरू नका, लॅम्डामध्ये दाखवायला सांगा, त्यात कुठल्याही इंधनाचं बरोबर मिश्रण म्हणजे १.

माझ्या एका मित्रानं एका गॅरेजमध्ये रिमॅप केलं, त्यांनी फक्त नंतरचा कागद दिला आणि आधीचा म्हणून ब्रोशरचा आकडा धरला. नंतरचा पण करेक्शन आणि वाटेत गेलेली ताकद मिळवून फुगवलेला. आधी चाकावर किती होते ते आता कधीच कळणार नाही. रिमॅप, फिल्टर, एक्झॉस्ट, काहीही करणार असाल तर आधी तीन रन, मग काम, मग लगेच तीन रन, गाडी शक्यतो पट्ट्यांवरून न सोडता. आणि एका वेळी एकच बदल.

निघताना

पट्ट्यांचे हुक चारही जागांवरून निघालेत का वाकून बघा. टो हुक काढून परत टूलकिटमध्ये ठेवा, ट्रॅक्शन कंट्रोल चालू करा, हबवर मोजलं असेल तर चाकांचे नट टॉर्क पान्यानं आवळून घ्या आणि घरी पोचल्यावर परत एकदा. टायरवर फोड किंवा चीर दिसते का ते हात फिरवून बघा. फाइल पेनड्राइव्हमध्ये घ्या, कागदावर तारीख, किलोमीटर, टायरची हवा, गिअर आणि तापमान स्वतःच्या हातानं लिहा, कारण सहा महिन्यांनी परत जाल तेव्हा ऑपरेटर बदललेला असू शकतो आणि पट्ट्या किती आवळल्या होत्या, पंखा कुठं ठेवला होता हे त्याला तुम्हीच सांगायला लागणार आहे. मी तर दोन्ही बाजूंनी बांधलेल्या गाडीचे फोटोच काढून ठेवतो.